मोजलेलं कॅल्शियम, मानलेलं कॅल्शियम

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलातले डॉ. सिडनी रिंगर पेशाने रोगी तपासणारे डॉक्टर. प्रयोगशाळा हा त्यांचा नाद. वॉर्डातल्या कामातून मोकळे झाले की पावलं तिकडे वळायची. १८८२ साली त्यांनी बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यावर चालवून पाहिलं. ते झकास चाललं. हृदयाला एवढंच पुरतं, असं रिंगरनी लिहूनही टाकलं.

पुढच्याच वर्षी त्यांना ते मागे घ्यावं लागलं. प्रयोगासाठीचं मिठाचं पाणी शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलं नव्हतं, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. ते पाणी होतं न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाचं. शुद्ध पाण्यात मीठ कालवून तोच प्रयोग केला, तर हृदय थोड्याच वेळात ढेपाळलं. त्यात किंचित कॅल्शियम घातल्यावर ते पुन्हा धडधडू लागलं. नळाच्या पाण्यात दशलक्ष भागांमागे जेमतेम ३८ भाग कॅल्शियम होतं, आणि बेडकाला तेवढं पुरत होतं. रिंगरनी ही चूक स्वतःच १८८३ मध्ये छापून जाहीर केली. आज सलाइनच्या बाटल्यांवर ‘रिंगर लॅक्टेट’मध्ये त्यांचं नाव आहे, ते याच चुकीच्या पुण्याईने.

या बेडकाला विसरू नका. पन्नास वर्षांनी तो परत येणार आहे.

तोवर एक कागद समोर घेऊ. आपल्याकडच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमधून मिळतो तसा. ‘कॅल्शियम ७.६’ असा आकडा ठळक छापलेला, शेजारी ‘८.५ ते १०.५’ ही मर्यादा आणि आकडा कमी असल्याची खूण. चार ओळी खाली ‘अल्ब्युमिन २.०’, तेही कमी. प्रत्येक तपासणीच्या नावाखाली मुंगीच्या अक्षरांत ती कुठल्या पद्धतीने केली, ते लिहिलेलं. रोग्याचे नातेवाईक ठळक आकडा बघून धास्तावतात आणि डॉक्टरांकडे धाव घेतात. डॉक्टर कागदावर नजर टाकतात, मनातल्या मनात काही गुणाकार करतात आणि सांगतात, “कॅल्शियम ठीक आहे. अल्ब्युमिन कमी आहे म्हणून तसं दिसतंय.” गुणाकार असा: ४ मधून २ वजा, त्याला ०.८ ने गुणा, येणारे १.६ मूळ ७.६ मध्ये मिळवा. झाले ९.२. काही लॅब हा हिशेब स्वतःच करून ‘करेक्टेड कॅल्शियम’ अशी निराळी ओळ छापतात.

हे ४ कुठून आले, आणि ०.८ कुणी ठरवलं?

आधी या हिशेबाची गरज का पडली, ते पाहायला हवं. रक्तातलं सगळं कॅल्शियम कामाचं नसतं. साधारण निम्मं मोकळं, विद्युत्‌भारित आयनांच्या रूपात फिरतं. चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रोटीनला चिकटलेलं असतं, आणि त्यातलं चार पंचमांश एकट्या अल्ब्युमिनला. उरलेलं थोडंसं फॉस्फेट, सायट्रेट वगैरेंच्या संगतीत. स्नायू आकुंचन पावतात, नसांतून संदेश जातात, हृदय चालतं, ते सगळं मोकळ्या कॅल्शियमवर. अल्ब्युमिनला बांधलेलं कॅल्शियम म्हणजे बँकेतली मुदत ठेव. ती आपलीच असते, पण मंडईत भाजी घेताना ठेवीची पावती चालत नाही, खिशातली रोकडच लागते. लॅबमधली नेहमीची तपासणी मात्र ठेव आणि रोकड एकत्र मोजते. लिव्हरच्या, किडनीच्या आजारात किंवा कुपोषणात अल्ब्युमिन घटलं की ठेव आटते आणि बेरीज खाली येते. रोकड जागच्या जागी असते.

रोकडीवर पहारा ठेवणाऱ्या ग्रंथींचा शोध एका भारतीय गेंड्याच्या मृत्यूने लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा १८४९ मध्ये मेला आणि शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं. गळ्यातल्या थायरॉइडला चिकटलेली एक छोटी पिवळसर गाठ त्यांनी नोंदवून ठेवली. माणसातल्या अशा ग्रंथींचं सविस्तर वर्णन १८८० मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने केलं आणि त्यांना पॅराथायरॉइड हे नावही दिलं. १९०९ मध्ये अमेरिकेत मॅक्कॅलम आणि फ्योग्टलिन यांनी दाखवलं की, या ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांना जे पेटके येतात ते कॅल्शियम टोचलं की थांबतात. या पेटक्यांच्या आजाराचं नाव टेटनी. नाव टिटॅनसच्या जवळचं असलं तरी धनुर्वाताशी याचा संबंध नाही. बोटं आतल्या बाजूला आकसतात, अंगठा तळहातावर येतो आणि हात आपसूक चिमटीसारखा होतो. रक्तदाबाचा पट्टा दंडावर फुगवून तीन मिनिटं ठेवला की हात असा वळायला लागतो, ही खूण एकोणिसाव्या शतकातल्या ट्रूसो या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने आजही शिकवली जाते. पुढे तपासण्या आल्या, समीकरणं आली, तरी हाताची ही साक्ष कुणी बाद केलेली नाही.

कॅल्शियम रोजच्या रोज मोजता येऊ लागलं ते १९२१ पासून. जॉन्स हॉपकिन्समधल्या क्रॅमर आणि टिस्डॉल या बालरोगतज्ज्ञांनी दोन मिलिलिटर सीरममध्ये भागेल अशी पद्धत काढली. सीरममध्ये ऑक्झलेट घालायचं, की कॅल्शियम पांढऱ्या गाळाच्या रूपाने खाली बसतं. नळी यंत्रात गरगर फिरवून गाळ तळाशी दाबायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, अमोनियाच्या पाण्याने गाळ धुवायचा, मग गंधकाच्या तेजाबात विरघळवून गरम करायचा. शेवटी जांभळं परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं. प्रत्येक थेंबाचा रंग उडत जातो. ज्या थेंबाला फिकट गुलाबी छटा टिकते, तिथे हात थांबवायचा आणि किती थेंब गेले ते मोजायचं. धुताना गाळाचा कण जरी सांडला तरी उत्तर चुकलं. या सगळ्या खटाटोपात ऑक्झलेट अल्ब्युमिनला चिकटलेलं कॅल्शियमही ओढून घेतं. म्हणजे तपासणी जन्मली तीच ठेव आणि रोकड यांची बेरीज करणारी.

या तपासणीवर डॉक्टरांनी पुढे किती भार टाकला, हे कॅप्टन चार्ल्स मार्टेल यांच्या कहाणीवरून कळतं. व्यापारी जहाजावरच्या या उंच्यापुऱ्या माणसाची हाडं ठिसूळ होऊन मोडत होती. काही वर्षांत त्यांची उंची जवळपास सात इंचांनी कमी झाली. रक्तातलं कॅल्शियम १५ च्या घरात. कॅल्शियम असं चढलेलं म्हणजे गळ्यातली एखादी पॅराथायरॉइड ग्रंथी माजली आहे, एवढा अर्थ १९२६ पर्यंत डॉक्टरांना लागू लागला होता. पण ग्रंथी गळ्यात सापडेना. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. मार्टेल स्वतः ग्रंथालयात बसून शरीररचनेची पुस्तकं वाचत. ही गाठ छातीतही असू शकते, हे त्यांनी तिथेच वाचलं, असं त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी पुढे सांगितलं. १९३२ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात सातव्या शस्त्रक्रियेत ती छातीतच मिळाली. काही आठवड्यांतच मूत्रमार्गातल्या खड्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर ते वारले. सात वेळा माणसाला टेबलावर घेण्यामागे मुख्य आधार होता तो त्या गुलाबी थेंबावर काढलेल्या आकड्याचा.

मार्टेल यांचा आकडा इतका चढलेला होता की, त्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी निदान बदललं नसतं. खरा पेच सीमेवरच्या रोग्यांचा.

तो आधी दिसला किडनीच्या वॉर्डात. १९२३ मध्ये साल्व्हेसेन आणि लिंडर यांनी ब्राइट्स डिसीजच्या, म्हणजे लघवीवाटे प्रोटीन वाहून जाणाऱ्या रोग्यांचं रक्त तपासलं, तेव्हा प्रोटीन घटलं की कॅल्शियमही घटतं, असं आढळलं. तरीही या रोग्यांचे हात वळत नव्हते. आकडा टेटनीचा आणि माणूस शांत. मग मोकळं कॅल्शियम नेमकं किती, हे कळायला हवं होतं आणि ते मोजणारं साधन जगात कुठे नव्हतं.

इथे रिंगर यांचा बेडूक परत येतो.

शिकागो विद्यापीठातल्या फ्रँकलिन मॅक्लीन आणि बेअर्ड हेस्टिंग्ज यांनी १९३४ मध्ये विचार केला, की मोकळं कॅल्शियम ओळखणारं यंत्र नसलं म्हणून काय झालं, ते ओळखणारा अवयव आहे. बेडकाच्या हृदयाला बांधलेल्या कॅल्शियमशी काही देणंघेणं नसतं. ते फक्त मोकळ्यावर चालतं. मोकळं जास्त असेल तर ठोका जोरकस, कमी असेल तर दुबळा. त्यांनी हृदय टांगलं, माहीत असलेल्या मात्रेचे द्राव एकामागून एक देऊन ठोक्याची उंची नोंदवली आणि मग रोग्याचा द्राव देऊन पाहिला. ठोका ज्या द्रावाशी जुळला, तेवढं मोकळं कॅल्शियम. म्हणजे बेडकाचं हृदय हाच मीटर आणि त्याचा काटाही तोच. वैद्यकाच्या इतिहासात चतुर उपकरणं पुष्कळ झाली. पण ज्या प्रश्नाने आधी एका संशोधकाला फसवलं, त्याच प्रश्नाची मोजपट्टी त्याच प्राण्यापासून करण्याचा हा डाव त्या सगळ्यांत उजवा म्हणायला हवा.

अर्थात प्रत्येक रोग्यामागे एक बेडूक, हे कुठल्या हॉस्पिटलला परवडणार? मॅक्लीन आणि हेस्टिंग्ज यांनाही ते ठाऊक होतं. बेडकाने दिलेल्या आकड्यांवरून त्यांनी प्रोटीन आणि कॅल्शियम यांच्या बांधिलकीचं गणित मांडलं आणि १९३५ मध्ये एक तक्ता छापला. एका रेघेवर एकूण कॅल्शियम, दुसरीवर एकूण प्रोटीन. दोन्हींवर पट्टी टेकवली की मधल्या रेघेवर मोकळ्या कॅल्शियमचा अंदाज. कॅल्शियमची दुरुस्ती म्हणून जे काही आज चालतं, त्याचा मूळपुरुष हा तक्ता. त्याच्या मागे खऱ्या मोजणीचा आधार होता, एवढं लक्षात ठेवावं. पुढे हा आधार सुटत गेला.

हेस्टिंग्ज आणि मॅक्लीन दोघेही न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांच्या हाताखाली तयार झालेले. या व्हॅन स्लाइकचं एक काम महाराष्ट्रातल्या हजारो माणसांनी नाव न कळता पाहिलेलं आहे. गणेशोत्सवात किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मंडळाचा मांडव पडतो, रक्तदान शिबिर भरतं. टेबलामागची मुलगी तुमच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्याच्या भांड्यात सोडते. थेंब क्षणभर घुटमळतो. बुडाला तर “दादा, आत जाऊन झोपा”, तरंगत राहिला तर “तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे, या वेळी नको.” ते निळं पाणी म्हणजे मोरचुदाचा, म्हणजेच कॉपर सल्फेटचा द्राव. त्याचं विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवलेलं असतं. रक्त त्याहून जड असेल तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर. व्हॅन स्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही युक्ती बसवली ती रणांगणासाठी. हिमोग्लोबिनबरोबरच प्लाझ्माचा थेंब टाकून प्रोटीन किती हेही त्यावरून काढायचं होतं, कारण प्लाझ्माचं वजन कमी-जास्त होतं ते मुख्यतः प्रोटीनमुळे.

प्लाझ्माच्या याच वजनाचा उपयोग लंडनच्या चार्ल्स डेंट यांनी केला. हेही युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलचेच, रिंगरच्या घरचे म्हणा ना. हाडांचे आणि चयापचयाचे आजार हा डेंट यांचा प्रांत. त्यांच्यासमोर येणारे रोगी मार्टेलसारखे टोकाचे नव्हते. खडा झालाय, कॅल्शियम १०.६ आहे, गळा उघडायचा की नाही, असे प्रश्न. अर्ध्या मिलिग्रॅमवर शस्त्रक्रिया होणार किंवा टळणार. अशा वेळी प्लाझ्माच्या विशिष्ट गुरुत्वावरून कॅल्शियमचा आकडा सुधारून मगच त्याच्याकडे बघावं, असं त्यांनी १९६२ मध्ये मांडलं.

अर्धा मिलिग्रॅम कुठूनही येऊ शकतो. लॅबमध्ये रक्त देताना काय होतं ते आठवा. दंडावर रबरी पट्टा करकचून बांधतात, “मूठ आवळा” म्हणतात आणि नस सापडेपर्यंत चाचपत राहतात. तेवढ्या वेळात पट्ट्याखालच्या नसेतून पाणी बाहेर झिरपतं, प्रोटीन मात्र आतच अडकतं. रक्त दाटतं. प्रोटीन वाढतं आणि त्याच्यासोबत कॅल्शियमची ठेव वाढते. माणूस तोच, दिवस तोच, फक्त पट्टा दोन मिनिटं जास्त राहिला. नस सापडायला कठीण असलेल्या माणसाचं कॅल्शियम त्यामुळे थोडं चढं दिसतं. उलट रोगी झोपलेला असेल तर रक्त सैल होतं आणि आकडा उतरतो. दुरुस्तीचा हट्ट निव्वळ पुस्तकी नव्हता.

तरी डेंट यांचा सल्ला थोड्या तज्ज्ञांपुरताच राहिला असता. त्याला घराघरांत नेलं ते यंत्राने. क्लीव्हलँडच्या लेनर्ड स्केग्ज यांनी कल्पिलेलं ऑटोॲनालायझर टेक्निकॉन कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणलं. प्लॅस्टिकच्या नळीतून एकामागून एक नमुने वाहताहेत, दोन नमुन्यांच्या मध्ये हवेचा बुडबुडा, आणि शेवटी कागदावर आकडे उमटताहेत. साठच्या दशकात एकाच वेळी बारा तपासण्या करणारं मॉडेल आलं. आता कॅल्शियम मागायची गरज उरली नाही. साखर मागितली तरी कॅल्शियम सोबत येई, बटाट्यावर कोथिंबीर फुकट मिळावी तसं. न मागितलेले आकडे वाचायची जबाबदारी मात्र डॉक्टरांवर आली. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात जुलै १९७४ पासून सर्वांचं कॅल्शियम सर्रास तपासलं जाऊ लागलं, तेव्हा पॅराथायरॉइड वाढलेल्या नव्या रोग्यांचं प्रमाण दर लाखामागे वर्षाला ७.८ वरून एकदम ५१.१ वर गेलं. आजार वाढला नव्हता. दिवे लागले होते.

याच यंत्राने अल्ब्युमिनही त्याच कागदावर आणून ठेवलं. मग दोघांना एकमेकांशी जोडायचं कुणाच्या तरी डोक्यात येणारच.

डिसेंबर १९७३ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ते आलं. इंग्लंडमधल्या लीड्सच्या सेंट जेम्स हॉस्पिटलातल्या आर. बी. पेन आणि तीन सहकाऱ्यांनी २०० रोग्यांचं कॅल्शियम आणि अल्ब्युमिन आलेखावर मांडलं. ठिपक्यांतून सरळ रेघ जात होती. अल्ब्युमिन १ ग्रॅमने कमी, तर कॅल्शियम साधारण १ मिलिग्रॅमने कमी. मग समीकरण इतकं सोपं झालं, की चौथीतल्या मुलानेही सोडवावं: कॅल्शियममधून अल्ब्युमिन वजा करा, ४ मिळवा.

हे समीकरण आणि मॅक्लीन-हेस्टिंग्ज यांचा तक्ता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तक्ता मोकळ्या कॅल्शियमचा अंदाज देत होता, आणि तो पडताळायला बेडूक होता. पेन यांचं समीकरण एवढंच सांगतं, की या माणसाचं अल्ब्युमिन जर ४ असतं, तर याचं एकूण कॅल्शियम किती दिसलं असतं. मोकळं किती, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते आपण मानून घेतो.

आता त्या ०.८ कडे वळू. वरच्या समीकरणात ०.८ कुठेही नाही. पुढच्या काही वर्षांत वेगवेगळ्या लॅबनी आपापल्या रेघा काढल्या, प्रत्येकीचा उतार थोडा निराळा आला, आणि पाठ्यपुस्तकांत व निवासी डॉक्टरांच्या खिशातल्या वहीत अखेर ०.८ हा गुणक स्थिरावला. ब्रिटनमध्ये एकक बदलून तोच ०.०२ झाला. गंमत अशी की, हा गुणक जगभर ‘पेनचा फॉर्म्युला’ म्हणून खपतो. सुरुवातीचा कागद पुन्हा घ्या: कॅल्शियम ७.६, अल्ब्युमिन २.०. ०.८ चं उत्तर आलं ९.२. मूळ समीकरणाचं उत्तर येतं ९.६. रक्त एकच, नाव एकाचंच, आणि आकडे दोन.

अल्ब्युमिनचा आकडा तरी पक्का आहे का? तो मोजायला रंग वापरतात. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हा हिरवा, ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा जांभळा. हिरवा थोडा उदार आहे. तो अल्ब्युमिनसोबत काही ग्लोब्युलिनलाही चिकटतो आणि अल्ब्युमिन आहे त्याहून जास्त दाखवतो, विशेषतः ते आधीच कमी असलेल्या रोग्यात. समजा एका लॅबच्या हिरव्या रंगाने २.६ दाखवलं आणि शेजारच्या लॅबच्या जांभळ्याने २.०. मग करेक्टेड कॅल्शियममध्ये जवळपास अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक पडला. म्हणजे डेंट यांना ज्या अर्ध्या मिलिग्रॅमची धास्ती होती, तो दुरुस्तीतूनच परत आला. लॅबगणिक समीकरणाचे आकडे बदलतात, हे १९९६ मध्ये बार्थ आणि फिडी यांच्यासोबत स्वतः पेन यांनीच दाखवून दिलं. प्रत्येक लॅबने आपल्या यंत्रावर, आपल्या रंगावर, आपली रेघ काढावी, हे तज्ज्ञांना पटलेलं आहे. किती लॅब काढतात, तो प्रश्न वेगळा.

दरम्यान खरी मोजणी दारात येऊन उभी होती. १९६७ मध्ये ओरायन रिसर्च या अमेरिकी कंपनीतल्या जेम्स रॉस यांनी फक्त मोकळ्या कॅल्शियमला दाद देणारा इलेक्ट्रोड ‘सायन्स’मध्ये जाहीर केला. १९७० मध्ये मूर यांनी त्याने माणसाचं रक्त तपासून मोकळं किती, बांधलेलं किती याचा हिशेब मांडला. बेडकाची सुटका झाली. पेन यांचं समीकरण छापून आलं, तेव्हा हा इलेक्ट्रोड सहा वर्षांचा होता. १९७८ मध्ये सेंट लुईसच्या लॅडेन्सन यांनी प्रोटीन, अल्ब्युमिन आणि आम्लता धरून केलेल्या दुरुस्त्या या नव्या मोजणीशी ताडून पाहिल्या आणि शीर्षकातच निकाल देऊन टाकला, की त्या मोकळं कॅल्शियम ओळखण्यात नापास आहेत. २००४ मध्ये अमेरिकेत अपघातातल्या गंभीर रोग्यांवर अशा बावीस पद्धती तपासल्या गेल्या. त्यांचीही तीच गत झाली.

का चुकतात, हे अतिदक्षता विभागात उघड दिसतं. रोगी जोरजोरात श्वास घेऊ लागला की कार्बन डायऑक्साइड उडतो, रक्ताची आम्लता घटते, अल्ब्युमिन कॅल्शियमवर पकड घट्ट करतं आणि मोकळं घटतं. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या माणसाच्या बोटांना मुंग्या येतात, त्या यामुळे. त्या क्षणी एकूण कॅल्शियम आणि अल्ब्युमिन दोन्ही नॉर्मल. समीकरणाला काही कळत नाही. दुसरा प्रसंग रक्ताच्या पिशव्यांचा. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं. भराभर आठ-दहा पिशव्या चढल्या, तर ते सायट्रेट रोग्याचं मोकळं कॅल्शियम गिळतं. पण सायट्रेटला बांधलेलं कॅल्शियम रक्तातच असल्याने एकूण आकडा शाबूत राहतो. ‘करेक्टेड’ झकास आणि हृदयाचा ठोका दुबळा. रिंगरच्या बेडकाने ते तात्काळ ओळखलं असतं.

मग समीकरण टिकलं कसं? फुकट आहे म्हणून. मोकळं कॅल्शियम मोजायचं तर रक्त हवाबंद नळीत घ्यावं लागतं, झाकण उघडलं की कार्बन डायऑक्साइड उडून आकडा बदलतो, रक्त गोठू नये म्हणून घातलेलं हेपरिन जास्त झालं तर तेच कॅल्शियम बांधून टाकतं, आणि नमुना लांबच्या लॅबपर्यंत थंड डब्यातून रखडत जाऊन चालत नाही. अतिदक्षता विभागात रक्तातल्या वायूंचं यंत्र असतं, त्यावर ते मिनिटा-दोन मिनिटांत मिळतं. तालुक्याच्या गावी, जिथून नमुने संध्याकाळच्या गाडीने शहरात जातात, तिथे ते अवघड. तिथे ०.८ हाच आधार, आणि अल्ब्युमिन फार घसरलेलं नसेल व रोगी गंभीर नसेल तर तो आधार अगदी टाकाऊ नाही, हेही कबूल करायला हवं. राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. जिथे इलेक्ट्रोड पलंगाशेजारी उभा आहे, तिथेही सवयीने गुणाकार चालतो.

२०२५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातून एक मोठा हिशेब बाहेर आला. बावीस हजारांहून जास्त माणसांचं एकूण आणि मोकळं कॅल्शियम जोडीने तपासलेलं होतं. कुणाचं मोकळं कॅल्शियम कमी, बरोबर की जास्त, हे साध्या, न सुधारलेल्या एकूण आकड्याने चारांपैकी सुमारे तिघांत बरोबर ओळखलं. ०.८ लावून सुधारलेल्या आकड्याने दहांतले सहासुद्धा नाही. म्हणजे पन्नास वर्षं दुरुस्ती करून जे मिळवलं, ते काहीच न करण्यापेक्षा कमी निघालं.

पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की कॅल्शियमचा ठळक आकडा क्षणभर बाजूला ठेवा आणि अल्ब्युमिनची ओळ शोधा. तिथे घसरण दिसली आणि डॉक्टर कॅल्शियमवरून काही मोठा निर्णय घ्यायला निघाले असतील, तर आयनाइज्ड, म्हणजे मोकळ्या कॅल्शियमची तपासणी करता येईल का, एवढं विचारा. आणि मुंगीच्या अक्षरांतली पद्धतीची ओळही वाचून बघा. कॅल्शियमखाली रसायनाचं नाव असतं, अल्ब्युमिनखाली रंगाचं. करेक्टेड कॅल्शियमखाली लिहिलेलं असतं: ‘कॅल्क्युलेटेड’.